पोकरचा डाव आणि कायद्याची चौकट

(मागील अंकात घरगुती पत्त्यांच्या बैठकांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यानंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पोकरविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. नावे छापू नयेत अशी विनंती असल्याने केवळ परिसराचा उल्लेख केला आहे. उत्तरे सर्वसाधारण माहितीपुरती आहेत. कोणावर गुन्हा नोंदला गेला असेल, तर त्याने कागदपत्रांसह वकिलांकडे जावे.)

प्रश्न : आम्ही सात-आठ सहकारी महिन्यातून दोनदा एकाच्या फ्लॅटवर पोकर खेळतो. प्रत्येक जण दोन हजार रुपये घेऊन बसतो, आणि ज्याच्या घरी बैठक असेल त्याला जेवणखाणासाठी प्रत्येकी दोनशे रुपये देतो. सोसायटीच्या सचिवांनी याला ‘जुगार अड्डा’ म्हणून पोलिसांत तक्रार करण्याचा इशारा दिला आहे. आम्ही खरोखर गुन्हा करीत आहोत का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपण लिहिलेल्या तपशिलात सगळ्यात महत्त्वाची रक्कम दोन हजारांची नसून दोनशे रुपयांची आहे, आणि ती का, हे जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

पैज आणि जुगार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील चौतिसाव्या नोंदीत येतो. म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार मुळात राज्यांचा आहे, आणि त्यामुळेच पत्त्यांच्या एकाच डावाला पणजीत एक नियम, अहमदाबादेत दुसरा आणि पुण्यात तिसरा असे होऊ शकते. महाराष्ट्रात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, म्हणजे मुंबई इलाख्याच्या काळातला आहे. त्याचे चौथे कलम जुगाराची जागा चालवणाऱ्याला शिक्षा करते आणि पाचवे कलम अशा जागेत खेळताना, किंवा खेळण्याच्या हेतूने उपस्थित असताना सापडलेल्याला. दोन्ही कलमांचा पाया एकच आहे, तो म्हणजे ती जागा कायद्याच्या व्याख्येत बसणारे ‘जुगारघर’ असली पाहिजे. व्याख्या अशी, की जेथे जुगाराची साधने जागेच्या मालकाच्या, भोगवटादाराच्या किंवा ती जागा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी ठेवली वा वापरली जातात, मग तो नफा जागेच्या भाड्याच्या रूपाने येवो, पत्त्यांचा जोड वापरण्याच्या शुल्काच्या रूपाने येवो किंवा अन्य कोणत्याही मार्गाने.

आता आपल्या दोनशे रुपयांकडे पाहा. सात जणांचे चौदाशे रुपये होतात. तेवढ्याचे जेवण खरोखर मागवले आणि वाटून खाल्ले, तर यजमानाला नफा झाला असे म्हणणे अवघड आहे. पण जेवण येवो न येवो, दोनशे रुपये घ्यायचेच असा रिवाज पडला, किंवा प्रत्येक डावातून थोडी रक्कम बाजूला काढून ती यजमानाकडे ठेवली जाऊ लागली, तर तीच बैठक व्याख्येच्या फार जवळ जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबमधील रमीच्या प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली होती. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे सांगून न्यायालयाने आरोपींची सुटका कायम ठेवली. मात्र क्लबचा मालक पैशांनी खेळल्या जाणाऱ्या रमीतून किंवा दुसऱ्या कोणत्याही खेळातून नफा कमावतो असा पुरावा असता, तर गुन्हा सिद्ध होऊ शकला असता, असेही त्याच निकालात नमूद केले. रमीच्या जाहिरातींत या निकालाचा पूर्वार्ध वर्षानुवर्षे मिरवला गेला. उत्तरार्ध कोणी छापल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणखी एक बाजू लक्षात घ्यावी. कायद्यानुसार अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने जागेची झडती घेतली आणि तेथे खेळाची साधने सापडून जप्त झाली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा जुगारघर आहे आणि तेथील माणसे खेळण्यासाठीच जमली होती, असे गृहीत धरण्याची तरतूद सातव्या कलमात आहे. म्हणजे आम्ही केवळ मित्र आहोत, कोणी काही कमावत नाही, हे दाखवण्याचा भार प्रत्यक्षात आपल्यावर येतो. त्यामुळे जेवणाचा हिशेब वेगळा आणि लेखी ठेवावा, डावातून एक रुपयाही कोणासाठी काढू नये, आणि ‘एक भिडू कमी आहे’ म्हणून ओळखीच्या ओळखीतून अनोळखी माणसे बोलावणे टाळावे. वाहनतळावर, गच्चीवर किंवा सोसायटीच्या सभागृहात तर बसूच नये, कारण रस्त्यावर आणि सार्वजनिक जागेत जुगार खेळण्यासाठी बारावे कलम वेगळे आहे. गणेशोत्सवात मांडवामागे रात्र जागवताना पत्ते पिसले जातात आणि त्यात पैसे फिरतात, हे पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको. बाप्पाच्या मुक्कामात या कलमाला सुट्टी असते असा समज मात्र कायद्यात कोठेही सापडत नाही.

सचिवांशी वाद घालण्यापेक्षा रात्री अकरानंतरचा आवाज कमी केला, तर त्यांची निम्मी तक्रार तेथेच संपेल असे वाटते.

प्रश्न : पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, म्हणून त्याला जुगाराचा कायदा लागत नाही, असे माझा मुलगा सांगतो. पत्ते तर नशिबानेच येतात. यात खरे काय?
(एक पालक, औंध)

उत्तर : आपल्या मुलाचे अर्धे म्हणणे गणिताचे आहे आणि अर्धे कायद्याचे. गणितात तो बरोबर आहे; कायद्यात त्याने घाई केली आहे.

आज बहुतेक ठिकाणी टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळला जातो. त्यात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडले जातात. आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, तो टर्न, आणि शेवटी एक, तो रिव्हर. या सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत वरचढ, तो डाव जिंकतो. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा, आणि ती कोणाच्या हुशारीने वाढत नाही. पण पत्ते आल्यानंतर काय करायचे, हा निर्णय दर फेरीला घ्यावा लागतो. समजा, आपल्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत आणि टर्नपर्यंत टेबलावर आणखी दोन बदाम आले आहेत. आपण पाहिलेले पत्ते सहा, न पाहिलेले ४६, आणि त्यांत बदाम उरले नऊ. शेवटचा पत्ता बदाम येऊन रंग, म्हणजे बदामाचे पाच पत्ते, पूर्ण होण्याची शक्यता सुमारे १९.६ टक्के झाली. समोरच्याने पैसे लावल्यावर मध्ये तीन हजार रुपये जमले आहेत आणि डावात राहण्यासाठी आपल्याला एक हजार घालायचे आहेत. चार हजारांच्या पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या एकूण रकमेत, आपला वाटा एक हजार, म्हणजे हा सौदा परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता किमान २५ टक्के हवी. ती नाही, म्हणून रंग पूर्ण झाल्यावर समोरच्याकडून आणखी मोठी रक्कम वसूल होण्याची खात्री नसेल, तर जाणता खेळाडू पत्ते खाली ठेवतो, आणि नवखा ‘बदाम येणारच’ म्हणून हजार रुपये पुढे सरकवतो. एका रात्रीत नवखाही जिंकेल. शेकडो डावांनंतर हे दोघे एका जागी नसतात. यावरून कौशल्य आहे हे मान्य करावे लागते, आणि तीन पत्तीत ब्लाइंड, म्हणजे पत्ते न पाहता, खेळत राहण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे, हेही.

आता कायदा. महाराष्ट्राच्या कायद्याचे तेरावे कलम म्हणते, की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. ‘निव्वळ’ म्हणजे नशिबाचा लवलेशही नाही असे नव्हे, तर कौशल्याचे पारडे ठळकपणे जड, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने बक्षीस स्पर्धांविषयीच्या १९५७ च्या चमारबागवाला निकालापासून घेतला आहे आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबाबत तो पुन्हा सांगितला आहे. पोकरमध्ये ते पारडे खरोखर जड आहे का, यावर मात्र उच्च न्यायालयांचे एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानून अनुकूल भूमिका घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी आणि पोकर या दोन्हींना नशिबाचे खेळ ठरवणारी तामिळनाडूची तरतूद अमान्य केली. पश्चिम बंगालने तर १९५७ च्या आपल्या कायद्यातच ब्रिज, रमी आणि पोकर यांना जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. याउलट गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच आहे असा निर्णय दिला.

पुण्यात बसून हे सारे वाचताना आम्हाला गुजरातचा निकाल सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण साधे आहे. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा १८८७ चा हाच कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. बंगालच्या कायद्यात पोकरचे नाव सवलतीसाठी लिहिलेले आहे आणि कर्नाटकचा प्रश्न त्या राज्याच्या पोलीस कायद्याखाली होता. गुजरातचा निकाल मात्र आपल्याच कायद्याच्या जुळ्या भावावर आलेला आहे. तो मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण पुण्यातल्या सरकारी वकिलाच्या हाती तो आयता मुद्दा आहे. चिरंजिवांना एवढे सांगावे, की कौशल्य हा बचाव आहे आणि बचाव न्यायालयात मांडायचा असतो. पोलीस दाराशी आले असताना तो परवाना म्हणून दाखवता येत नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्येच झाला होता असे वाचनात आले. मग राज्यात एकही कॅसिनो का नाही? आणि पुण्यात रेसकोर्सवर पैसे लावलेले चालतात, ते कसे?
(एक निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ)

उत्तर : महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम १९७६ मध्ये मंजूर झाला, हे खरे. परवाना कसा द्यावा, कर किती घ्यावा, हे सारे त्यात होते. नव्हती ती फक्त एक गोष्ट, कायदा अमुक दिवसापासून अमलात येईल अशी अधिसूचना. ती कोणत्याच सरकारने काढली नाही, आणि एकाही टेबलाला परवाना न देता हा कायदा २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. मधल्या काळात त्याच्या आधारे परवाने मागण्याचे प्रयत्न होत राहिले, आणि तो दरवाजा कायमचा बंद करणे हाच रद्द करण्यामागचा हेतू होता.

घोड्यांच्या शर्यतींचे म्हणाल, तर १८८७ च्या कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून त्यांना अटींसह वगळले आहे. परवाना असलेल्या रेसकोर्सवर, ठरवून दिलेल्या आवारात, परवानाधारक बुकमेकरकडे, म्हणजे पैजा स्वीकारणाऱ्याकडे, किंवा टोटलायझेटरवर, म्हणजे सर्वांच्या रकमा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेवर, लावलेले पैसे चालतात. कॅम्पातील रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा पावसाळी हंगाम भरतो, तो याच चौकटीत. त्याच घोड्यावर त्याच वेळी नाना पेठेतील एखाद्या टपरीवर पैसे लावले, तर तो गुन्हा होतो.

प्रश्न : आम्ही काही मित्र पहिल्यांदाच गोव्याला कॅसिनोत पोकर खेळण्यासाठी जाणार आहोत. घरी दिवाळीत तीन पत्ती खेळण्याची सवय आहे. सोबत वीस वर्षांचा पुतण्याही येणार आहे. काय काळजी घ्यावी?
(एक व्यापारी, मार्केट यार्ड)

उत्तर : पुतण्याला समुद्रकिनारा दाखवावा, गोव्यात कॅसिनोच्या खेळाच्या जागेत प्रवेशासाठी वय २१ पूर्ण असावे लागते आणि ओळखपत्र दारातच तपासले जाते. गोव्याच्या रहिवाशांनाही १ फेब्रुवारी २०२० पासून तेथे खेळण्यास बंदी आहे. म्हणजे मांडवीत उभ्या असलेल्या त्या जहाजांवर चालते ते मुख्यतः पुणे, मुंबई, बेळगाव, हैदराबाद, दिल्लीच्या पाहुण्यांच्या पैशावर. ओळखपत्राबरोबर पॅन कार्डही जवळ ठेवावे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याने कॅसिनोंना ग्राहकाची ओळख पटवणे आणि मोठ्या व्यवहारांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे तेथे या विचारणेला नकार देऊन उपयोग नसतो.

गोव्यातील कायदाही १९७६ चाच आहे, पण त्यात नंतर केलेल्या दुरुस्त्यांनी दोन वेगळे मार्ग काढले. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना परवानगी मिळाली आणि माणसाने पत्ते वाटण्याचे टेबलावरचे खेळ जहाजांपुरते ठेवले गेले. म्हणून पोकर खेळायचे असेल, तर कोठल्या जागी प्रत्यक्ष टेबल चालते आणि कोणत्या वाराला, हे फोन करून आधी विचारावे. ‘पोकर’ या नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी तेथे असतात, हेही त्याच फोनवर स्पष्ट करून घ्यावे. एकीत खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कॅसिनो प्रत्येक पॉटमधून ठरावीक हिस्सा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. दुसरीत, थ्री कार्ड पोकर किंवा कॅसिनो होल्डेम या नावांनी, आपण थेट कॅसिनोविरुद्ध खेळतो. या दुसऱ्या प्रकारात समोरचा डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा कर्मचारी, ठरवून दिलेल्या नियमानेच पत्ते उघडतो, त्याच्यावर ब्लफ चालत नाही, आणि दीर्घकाळात गणित नेहमी जागेच्या मालकाच्या बाजूला झुकलेले असते, जसे एका शून्याच्या रूलेत (आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात) प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात.

रेक किरकोळ समजू नये. उदाहरणापुरते धरा, की टेबलावर नऊ जण आहेत, तासाला पंचवीस डाव होतात, सरासरी पॉट दोन हजारांचा आणि रेक पाच टक्के. दर डावाला शंभर रुपये, म्हणजे तासाला अडीच हजार रुपये टेबलावरून उठून जातात, आणि पाच तासांच्या बैठकीत माणशी सुमारे १,३९० रुपये कोणीही न जिंकता संपतात. नऊ जणांत आपण अगदी सरासरी कुवतीचे असलो, तर ही आपली हमखास हार आहे. म्हणून बसण्यापूर्वी रेक किती टक्के आणि एका डावात जास्तीत जास्त किती, हे दोन प्रश्न विचारावेत. ते विचारण्यात कमीपणा नाही. व्यापारी माणसाला हे सांगायची गरज नसावी.

तीन पत्तीच्या सवयीमुळे होणाऱ्या चुका मात्र आपल्याला निश्चितच महाग पडू शकतात. पहिली चूक क्रमाची. आपल्याकडे सिक्वेन्स (लागोपाठचे पत्ते) हा कलरपेक्षा (एकाच रंगाच्या पत्त्यांपेक्षा) वरचढ असतो. पोकरमध्ये उलट आहे, कलर म्हणजे फ्लश हा सिक्वेन्सला, म्हणजे स्ट्रेटला, हरवतो. यात लहर नाही, दोन्हीकडे मोजणीच आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत एका रंगाचे नसलेले सिक्वेन्स ७२० आणि सिक्वेन्स नसलेले कलर १,०९६, म्हणून दुर्मीळ तो सिक्वेन्स. पाच पत्त्यांचे संच २५,९८,९६० होतात. त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, म्हणून दुर्मीळ तो फ्लश. गंमत अशी, की थ्री कार्ड पोकरमध्ये पुन्हा आपलाच क्रम लागू होतो, कारण तेथे पत्ते तीन असतात. हातात सिक्वेन्स, टेबलावर एकाच रंगाचे तीन पत्ते आणि समोरचा पैसे वाढवतो आहे, अशा वेळी घरच्या सवयीने ‘आपलाच मोठा’ म्हणून सर्व चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) लोटणारे पाहुणे कॅसिनोला नवे नाहीत.

दुसरी चूक ‘ब्लाइंड’ची. तीन पत्तीत पत्ते न पाहता निम्म्या रकमेने खेळणे म्हणजे ब्लाइंड. पोकरमध्ये पत्ते वाटण्यापूर्वी, वाटपाची पाळी दाखवणाऱ्या डीलर-खुणेच्या डावीकडील दोघांनी सक्तीने घालायची रक्कम म्हणजे ब्लाइंड. ती पाळीपाळीने प्रत्येकावर येते, आणि नुसते बसून राहिले तरी चिप्स त्यात झिजत जातात. तिसरी गोष्ट, साइड शो येथे नाही. मधल्या डावात शेजाऱ्याला पत्ते दाखवणे हा नियमभंग आहे, आणि तो शेजारी आपला सख्खा भाऊ असला तरीही. चौथी, डाव चालू असताना खिशातून नवे पैसे काढून लावता येत नाहीत. टेबलावर जेवढे असेल तेवढ्यावरच खेळ. ते संपले की आपण ऑल-इन, आणि बाकीच्यांच्या जादा रकमेचा वेगळा पॉट होतो. हा नियम नवख्याच्या फायद्याचाच आहे. वाढवायची रक्कम एकदम पुढे करावी किंवा स्पष्ट बोलून सांगावी. थोड्या चिप्स ठेवून, समोरच्याचा चेहरा पाहून, पुन्हा थोड्या ठेवण्याची पद्धत तेथे मान्य होत नाही. शेवटी पत्ते उलटे टाकून देऊ नयेत, उघडे ठेवावेत. आपल्याला आपला डाव ओळखता आला नाही, तरी उघड्या पत्त्यांवरून डीलर तो ओळखतो. उलटे फेकलेले पत्ते मात्र बाद धरले जातात.

प्रश्न : कॅसिनोत जिंकलेल्या रकमेवर कर किती? हरलेली रक्कम वजा करता येते का?
(एक वाचक, पिंपरी)

उत्तर : पत्त्यांच्या खेळासह कोणत्याही जुगारातील जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर सरसकट ३० टक्के आहे, त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, उत्पन्न फार मोठे असेल तर अधिभार वेगळा. इतर उत्पन्नाला मिळणारी मूळ करमुक्त मर्यादा या रकमेला मिळत नाही. एका व्यवहारात दहा हजारांहून अधिक जिंकल्यास देणाऱ्याने कर कापूनच रक्कम द्यायची असते, पण कोणत्याही कारणाने कापला गेला नाही म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. पगारदार मंडळी भरतात त्या ‘सहज’ विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

हरलेली रक्कम वजा होत नाही. प्रवासाचा, हॉटेलचा, प्रवेशशुल्काचा खर्चही नाही. याचा परिणाम किती विचित्र होतो पाहा. शुक्रवारी ८० हजार जिंकले आणि शनिवारी ६० हजार हरले, तर घरी वीस हजार आले. पण कर ८० हजारांवर, म्हणजे २४,९६० रुपये. जिंकून परतलेला माणूस प्रत्यक्षात पाच हजारांच्या तोट्यात आहे. इतर कोणत्याही धंद्याला हा नियम लावला, तर तो धंदा आठवड्यात बंद पडेल, आणि कायदा करणाऱ्यांची इच्छा बहुधा तीच असावी.

याखेरीज वस्तू व सेवा कर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो कॅसिनोत चिप्स घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर तो पुन्हा लागत नाही, पण पहिल्या खरेदीवरच एवढा भार असल्याने दहा हजार रुपये दिल्यावर खेळता येण्याजोग्या चिप्स नेमक्या किती रुपयांच्या मिळणार, हे खिडकीवर पैसे देण्यापूर्वी विचारावे.

प्रश्न : मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळणे आता कायदेशीर आहे का? परदेशी संकेतस्थळे तर अजून पैसे घेतात.
(एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच त्यात ठेवला नाही. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत किंवा पन्नास लाखांपर्यंत. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या संस्थांनाही शिक्षा आहे. निव्वळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु संमतीच्या सुमारासच देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशांचे टेबल बंद केले.

परदेशी संकेतस्थळ पैसे घेते, याचा अर्थ ते पैसे परतही देईल असा नाही. तेथे अडकलेल्या रकमेसाठी आपण पुण्याच्या ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, आणि असे पैसे अनेकदा कोणा तिऱ्हाइताच्या खात्यात भरायला सांगितले जातात. ते खाते पुढे एखाद्या फसवणुकीत सापडले, तर चौकशीत आपले खातेही गोठवले जाऊ शकते. विद्यार्थ्याने पोकर शिकावे, जरूर शिकावे, पण बिनपैशाच्या टेबलावर किंवा वसतिगृहात काड्यापेटीच्या काड्या लावून. शक्यतेचे गणित त्यात तितकेच शिकता येते.

प्रश्न : एका बैठकीत मित्र माझ्याकडून ४० हजार रुपये हरला. पैसे नसल्याने त्याने पुढील तारखेचा धनादेश दिला, तो वटला नाही. शिवाय त्याच रात्री त्याला खेळण्यासाठीच मी १५ हजार रुपये हातउसने दिले होते. धनादेश न वटल्याचा दावा मी करू शकतो का?
(एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : दावा दाखल करण्यापूर्वी हे पुढचे दोन परिच्छेद शांतपणे वाचावेत.

भारतीय करार अधिनियम १८७२ चे तिसावे कलम पैजेचा करार निरर्थक ठरवते आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही असे सांगते. अपवाद आहे तो पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक बक्षिसाच्या घोड्यांच्या शर्यतीचा, पत्त्यांचा नाही. धनादेश न वटल्याबद्दल फौजदारी तक्रार करायची, तर त्यामागे कायद्याने वसूल होऊ शकणारे देणे असावे लागते. धनादेश देणाऱ्यावर तसे देणे आहे असे आरंभी गृहीत धरले जाते, हे खरे. पण ती रक्कम पत्त्यांत हरलेली होती हे आपल्या मित्राने दाखवून दिले की ते गृहीतक कोसळते, आणि दाखवण्यासाठी त्याला आपण पाठवलेला व्हॉट्सअॅप संदेशही पुरेल.

हातउसन्या पंधरा हजारांचे काय, असे आपण विचाराल. देशाच्या बऱ्याच भागांत पैजेसाठी दिलेले कर्ज वेगळा व्यवहार मानून वसूल करता येते, पण आपल्याकडे तेही कठीण आहे. जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ मध्ये केलेल्या कायद्याने पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेले करार आणि त्यासाठी घेतलेली तारणे व हमीही निरर्थक ठरवली आहेत. खेळण्यासाठीच दिले, असे आपण पत्रातच लिहिले आहे. शिवाय न्यायालयात जाऊन आपण पैशांनी पत्ते खेळलो असे शपथेवर सांगणे, म्हणजे या सदरातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच तोंडाने द्यावे लागणे. मित्राच्या घरी जाऊन, तिसऱ्या समजूतदार माणसाला मध्ये घालून, हप्त्यांनी जेवढे मिळेल तेवढे घ्यावे. वकिलाची नोटीस पाठवण्याचा खर्च मात्र करू नये.